मालक शेअर विकतो तेव्हा

माझ्या नणंदेने परवा विचारलं, “वहिनी, मालकच आपले शेअर विकतोय, मग आपण कशाला ठेवायचे?” प्रश्न रास्त आहे. आपण बाहेरून डबा हलवून अंदाज बांधतो. आत काय उरलंय ते मालकाला दिसतं.

म्हणून तर सेबीचे २०१५ चे नियम आहेत. प्रमोटर किंवा संचालकाने एका तिमाहीत दहा लाखांहून जास्त रकमेचे व्यवहार केले, तर बाजाराच्या दोन दिवसांत कंपनीला कळवायचं, कंपनीने आणखी दोन दिवसांत एक्स्चेंजला. तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत त्यांना सौदे बंद. आतली बातमी धरून सौदा करणं तर गुन्हाच. (न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. इथे वस्तू नाही, माहिती घेतली जाते, एवढाच फरक.)

पण प्रत्येक विक्री वाईट नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हर्लपूलच्या अमेरिकन मूळ कंपनीने भारतातल्या कंपनीतला २४ टक्के हिस्सा विकला. ७५ चे ५१ टक्के झाले. कारण उघड सांगितलं होतं: स्वतःचं कर्ज कमी करायचंय. मालकाच्या घरचा खर्च तो. फ्रिजचा धंदा बिघडला असा त्याचा अर्थ होत नाही.

सत्यमचं मात्र वेगळं. २००१ मध्ये प्रमोटरांकडे २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा होता, मार्च २००८ पर्यंत तो नऊच्याही खाली आला. एकदम नाही, हळूहळू. त्यामुळे कुणाच्या डोळ्यात आलं नाही. निकाल मात्र दर तिमाहीला झकास! ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंच्या कबुलीपत्रातून कळलं की बँकेतली शिल्लकच खोटी. त्या एका दिवसात भाव पाऊण हिश्शाहून जास्त कोसळला. आदल्या संध्याकाळपर्यंत ज्यांनी धरून ठेवले, ते तुमच्या-माझ्यासारखेच लोक.

नणंदेच्या कंपनीत विकणारा मालक नव्हताच. एका संचालकाने नोकरीत मिळालेले थोडे शेअर विकले होते. तिला म्हटलं, राहू दे. मालक स्वतः, वर्षानुवर्षं, कारण न सांगता विकत असेल, तर मी माझे निम्मे तरी काढते.

आणखी एक रकाना मी बघते, प्रमोटरने गहाण ठेवलेल्या शेअरचा. भाव फार उतरला की सावकार ते विकू शकतो, मालकाला विचारत बसत नाही.