मान टाकली का गं?

लसणानं मान टाकली! काल सकाळी गच्चीवर गेले तर टबातली पाच रोपं आडवी झालेली, आणि मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. पंधरा दिवस त्या रोज एकच विचारत होत्या, ‘मान टाकली का गं?’

दिवाळी झाल्यावर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या ‘भीमा पर्पल’ वाणाच्या चाळीस पाकळ्या लावल्या होत्या. पीक १२० ते १३५ दिवसांचं, एवढं माहीत होतं. पण १२० की १३५? वांगं तयार झालं की दिसतं, टोमॅटो लाल होतो. लसूण मातीआड. फेब्रुवारीत शेंडे पिवळे पडले तेव्हा राहवेना, एक गड्डा उपटला. पाकळ्यांच्या नुसत्या खुणा, साल जाड नि ओली.

तोच गड्डा हातात घेऊन खालचं एक पान सोलत गेले आणि थांबलेच! पान संपेचना. ते खाली उतरत उतरत थेट गड्ड्याभोवती गुंडाळलेलं. दुसरं पान, तेच. तिसरं, तेच! आपण ज्याला लसणाचा दांडा म्हणतो तो दांडा नाहीच, एकात एक घातलेल्या पानांच्या नळ्या आहेत त्या, आणि गड्ड्यावरचा प्रत्येक पापुद्रा म्हणजे वर हलणाऱ्या एकेका पानाचं बूड. म्हणजे वरची हिरवी पानं मोजली की मातीखालच्या गड्ड्यावर किती धड आवरणं उरलीत ते कळतं! इतकी वर्षं लसूण सोलतेय, आणि हे आज कळावं?

मग सगळा उलगडा झाला. पान वाळलं की त्याचं आवरणही मातीत कुजायला लागतं. खालची तीन-चार वाळलेली, वरची पाच-सहा हिरवी, ही काढणीची वेळ. सगळी पानं वाळायची वाट पाहिली तर आवरणं जातात, गड्डा उकलतो, आणि जमिनीत ओल असेल तर पाकळ्यांना पुन्हा कोंब येतात. घाई केली तर लसूण टिकत नाही.

आणि मान! नवं पान जुन्यांच्या मधून वर येतं, त्या भरावानं मान ताठ राहते. नवी पानं थांबली की आत पोकळी होते, बोटांत धरली तर मऊ लागते, नि एके दिवशी पडते. खालचं भरणं संपत आल्याची ती खूण. (थंड मुलखातल्या, फुलाचा दांडा येणाऱ्या लसणाची मान अशी पडत नाही. तिथे पानंच मोजायची.)

सासूबाईंच्या सांगण्यावरून पाणी आधीच तोडलं होतं. दुपारी खुरप्यानं माती सैल करून, न ओढता, मान पडलेली आणि मऊ झालेली तीस रोपं काढली. जांभळट, घट्ट, पाकळ्यांचे उंचवटे सालीतून स्पष्ट दिसणारे गड्डे! धुतले नाहीत, पात कापली नाही. आता जुड्या बांधून सावलीत, वाऱ्यावर टांगल्यात. अख्ख्या जिन्यात वास भरलाय.

उरलेली नऊ अजून ताठ आहेत. सकाळपासून तीनदा त्यांच्या मानेला हात लावून आले.