दांडीलाही टेन्शन

आमच्या भाडेकरारात खिडक्यांविषयी तीन अटी आहेत. भिंतीला भोक पाडायचं नाही. खिडकीवर आधीपासून असलेले ब्लाइंड्स, म्हणजे त्या पांढऱ्या आडव्या पट्ट्या, काढायच्या नाहीत. आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला इमारतीची प्रत्येक खिडकी पांढरीच दिसली पाहिजे. करार आम्ही सगळे लोक वाचतात तसाच वाचला होता, म्हणजे सही कुठं करायची तेवढं पाहून. तीन वर्षं काही अडलंही नाही. मग मार्चमध्ये बाळ झालं, बाळंतपणासाठी सांगलीहून आई आली, आणि मे महिना उजाडला. उजाडला तो मावळेचना.

सिअॅटलच्या उजेडाचा हिशेब आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. पुण्यात वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस आणि सगळ्यांत लहान दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचं अंतर. इथं जूनमधला दिवस सोळा तासांचा आणि डिसेंबरमधला साडेआठ तासही भरत नाही. 21 जूनला सूर्य पहाटे सव्वापाचच्या आधी हजर होतो आणि रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी जातो. गेल्यावरही अर्धा-पाऊण तास उजेड दारात रेंगाळतो, निघतो निघतो म्हणत गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा.

आईची पहिली पंचाईत दिव्याची झाली. येताना तिनं कालनिर्णय आणलं होतं. त्यातल्या सूर्यास्ताच्या वेळा इथं काय कामाच्या? शेवटी तिनं घड्याळाशी तडजोड केली आणि सात वाजता लख्ख उन्हात सांजवात लावायला लागली. ज्योत दिसायचीच नाही. "लागलाय ना गं?" असं विचारून ती हात वर धरून ऊब बघायची. पण बाळ तडजोड करायला तयार नव्हतं. साडेसातला झोपवायला घेतलं की त्या पट्ट्यांच्या फटीफटीतून ऊन पाळण्यावर यायचं, भिंतीवर रेघा उमटायच्या आणि बाळ त्या रेघांकडे बघत टक्क जागं.

"पडदा का नाही लावत?" आईचा साधा प्रश्न. आमच्या सांगलीच्या घरात पडदा म्हणजे दहा मिनिटांचं काम. सागवानी चौकटीत दोन हुक पिळून बसवायचे आणि प्लास्टिकचं आवरण असलेली स्प्रिंगची तार ताणून अडकवायची. तिथं पडदे मुळात माणसांसाठी असतात. दार दिवसभर उघडं, त्यावर पडदा. तो वारा आत घ्यायचा आणि रस्ता बाहेर ठेवायचा. इथं रस्त्यावरून आत डोकावायला कुणाला वेळ नाही. घरात घुसतो तो एकटा सूर्य. आणि आठ महिने ढगांखाली काढलेले इथले लोक त्याच्यासाठी चड्ड्या घालून हिरवळीवर पसरलेले असताना त्याला बाहेर ठेवायला निघालेलं कुटुंब आमचं एकट्याचंच असावं.

खिडकीला लाकडी चौकट नव्हती. आईनं भिंतीवर टिचकी मारली. "पोकळ आहे की गं!" खरंच पोकळ. अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड, त्यामागे साधारण सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे वासे आणि मध्ये हवा. खिळा वाशात गेला तर टिकतो, नाहीतर वजन पडताच बोर्डाचा भुगा घेऊन बाहेर येतो. भोक पाडायचं नाही ही अट तेव्हा मला थोडी दयाळूसुद्धा वाटली.

पहिला प्रयोग सोलापुरी चादरीचा. परदेशातल्या मराठी घरात ती एक तरी असतेच. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मी ती ब्लाइंड्सच्या वरच्या पट्टीला टांगली. अंधार उत्तम झाला. पाचव्या मिनिटाला एक पट्टी कण्हली आणि मध्येच वाकली. ती अजून वाकडीच आहे.

दुसरा प्रयोग नवऱ्याचा, त्यामुळे अभ्यासपूर्ण. त्यानं चिकटपट्टीचे हुक आणले. पट्टी भिंतीला समांतर हळूहळू खाली ओढली की ताणली जाते आणि रंग न उचलता सुटते, अशी ती युक्ती. त्यानं भिंत स्पिरिटनं पुसली, अर्धा मिनिट दाबून धरलं, वर काही टांगायच्या आधी तासभर थांबला. एवढं सगळं सूचनेबरहुकूम करूनही एक गोष्ट राहिली. इथल्या भाड्याच्या घरांच्या भिंती गुळगुळीत नसतात. त्यांवर बारीक खडबडीत फवारा मारलेला असतो आणि त्या पोताचं नावच मुळी संत्र्याची साल. अशा भिंतीवर चिकटपट्टी नुसत्या उंचवट्यांना धरते, खळग्यांना नाही. वर आम्ही टांगलेले उजेड अडवणारे जाड पडदे. रात्री दोन वाजता धाडकन आवाज झाला, बाळानं भोकाड पसरलं आणि नवरा अर्धवट झोपेत म्हणाला, "दांडी गुल!"

सकाळी पाहिलं तर भिंतीचा रुपयाएवढा रंग हुकाबरोबर आला होता. मी घर भाड्यानं घेताना भरलेला, घराच्या स्थितीच्या तपशिलाचा तक्ता शोधून काढला. आमच्या वॉशिंग्टन राज्यात अनामत घ्यायची तर घरमालकाला असा लेखी तक्ता द्यावा लागतो. घर सोडल्यावर 30 दिवसांत अनामत परत करावी लागते, नाहीतर का कापली ते कागदपत्रांसह सांगावं लागतं. नेहमीच्या वापरानं होणाऱ्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. रात्री दोनला पडलेली दांडी ही नेहमीची झीज की काय, यावर आम्ही नाश्ता होईपर्यंत वाद घातला.

तिसरी वस्तू टेन्शन रॉड. आत स्प्रिंग असलेली, एकात एक सरकणारी नळी आणि दोन्ही टोकांना रबरी बूच. ही भिंतीवर नाही, खिडकीच्या खाचेत बसते. खाचेच्या रुंदीपेक्षा किंचित लांब करायची, दाबून आत घालायची आणि सोडून द्यायची. दोन्ही बाजूंच्या भिंतींना रेटत ती आपली आपण उभी राहते. "या देशात दांडीलाही टेन्शन?" आईनं विचारलं. पण मोजमाप चुकून चालत नाही. आमची खाच साडेतीन इंच खोल. त्यातले दोन इंच ब्लाइंड्सनी आधीच खाल्लेले. उरलेल्या दीड इंचात दांडीही बसायला हवी आणि मागच्या पट्ट्याही उघडमिट करता यायला हव्यात. खिडकी चार फुटांची होती म्हणून निभावलं. सहा-आठ फुटांवर अशी दांडी मधोमध वाकते.

दांडी बसली, पण पडदा चौऱ्याऐंशी इंचांचा. इथं तयार पडदे त्रेसष्ट, चौऱ्याऐंशी, पंचाण्णव अशा ठरलेल्या लांबीत मिळतात. खिडकी कितीची का असेना. खिडकीखाली भिंतीलगत विजेचा हीटर, सिअॅटलच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये असतो तसा. त्यावर कापड लोंबणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी पडदा परत करायला निघाले तेव्हा आईनं तो हातात घेतला, वरची शिवण उलगडून पाहिली आणि तिचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला.

"अगं, हा तर नेफा!"

नेफा म्हणजे परकराची नाडी जाते ती दुमड. चाळीस वर्षं तिनं परकर शिवले आहेत. पडद्याला दांडीसाठी केलेली ती बोगद्यासारखी दुमड तिच्या लेखी नेफाच होती आणि त्यामुळे हे सगळं प्रकरण एकदम तिच्या अखत्यारीत आलं. नवरा मदतीला उठला, तर "राहू द्या हो, तुम्ही बाळाला घ्या," म्हणाली. तिनं पडदा खिडकीच्या कट्ट्याच्या एक इंच वर येईल असा कापला, खालून दोन बोटांची दुमड घातली आणि हातानं टाके घातले. तुकडा टाकला नाही. दारातल्या फटीसाठी त्याची वळी शिवली.

तरी बाजूंनी उजेड यायचाच. खाचेतल्या पडद्याची ती खोडच आहे, कडेला बोटभर फट राहते. आईनं बांगडीतल्या सेफ्टी पिना काढल्या. ब्लाइंड्सच्या पट्ट्या शिडीसारख्या विणलेल्या बारीक दोऱ्यांवर तोललेल्या असतात. त्या दोऱ्यांना तिनं पडद्याची कड टाचून टाकली. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. ते करताना तिला ब्लाइंड्सची लोंबती ओढदोरी दिसली, पाळण्यापासून हातभर अंतरावर. "ही कशाला ठेवलीय, फास लागायला?" तिची शंका खरी होती. अशा दोऱ्यांत लहान मुलं गुदमरल्यामुळेच इथं 2018 च्या अखेरीपासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सना लोंबती दोरी नसते. आमचे त्याआधीचे. आम्ही पाळणा समोरच्या भिंतीला हलवला आणि दोरी गुंडाळून पार वर बांधून टाकली. तीन वर्षांत आम्हाला ती कधी दिसलीच नव्हती.

दिवाणखान्यात सरकतं काचेचं दार आणि त्यावर उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स. तिथं दांडी वाकली असती. त्यासाठी ब्लाइंड्सच्याच वरच्या पन्हळीला अडकणारे कंस मिळतात. ते पुढे आलेले हवेत, नाहीतर साडेतीन इंची पट्ट्या फिरताना पडद्यावर आपटतात. आणि सगळा भार त्या पन्हळीच्या जुन्या स्क्रूंवर, म्हणून पडदा हलकाच हवा. तिथं आईची एक जुनी सुती साडी गेली. रस्त्याकडून अर्थातच सगळं पांढरं. कराराला कुठंच धक्का नाही.

त्या संध्याकाळी साडेसातला बेडरूममध्ये रात्र झाली. पहिल्यांदा सांजवातीची ज्योत दिसली, कारण आईनं ती आत नेऊन लावली. बाळ झोपलं. आम्ही तिघं दिवाणखान्यात कुजबुजत, उन्हात जेवलो.

ऑगस्टमध्ये आई परत गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि मग इथला दुसरा हिशेब सुरू झाला. डिसेंबरात सूर्य आठला पाच कमी असताना येतो आणि चार वीसला जातो, तेही ढगांनी दाखवला तर. आता बाळाला उजेड नको होता असं नाही, उजेडच बाळाला पुरत नव्हता. खिडकीतून येईल तेवढा थेंब न् थेंब हवा होता आणि मधे आडवा आलेला आमचाच पडदा. मी पिना काढल्या. दांडी दाबून सोडवली, ती हातात आली. भिंतीवर काही खूण नाही.

तेव्हा कुठं मला तो करार पटला. भोक पाडायची परवानगी असती तर आम्ही जूनमध्ये पक्की दांडी ठोकली असती, भक्कम स्क्रूंनी, आणि जूनचा पडदा डिसेंबरातही तिथंच राहिला असता, कारण ठोकलेली गोष्ट कुणी उगाच काढत नाही. सांगलीत ते ठीक आहे. तिथला उजेड बाराही महिने साधारण एकाच वेळेला येतो-जातो, त्याच्यासाठी खिळा ठोकून ठेवता येतो. इथला सहा-सहा महिन्यांनी बिऱ्हाड बदलतो. त्याच्यापुढे हलतं सामानच बरं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला मोकळी खिडकी दाखवली. मला वाटलं होतं, तिला वाईट वाटेल.

"काढलास ते बरं केलंस. धुऊन ठेव," ती म्हणाली. "आणि पिना मोजून घे, सहा आहेत. मेमध्ये लागतील."