सीतामाई आणि सरकार

माझी एक मावशी बडोद्याला दांडिया बाजारात राहायची. सासरे बडोदे संस्थानात कारकून होते, त्यामुळे दिवाणखान्यात देवांच्या वरच्या अंगाला सयाजीरावांची तसबीर. घरात गायकवाडांचा उल्लेख ‘सरकार’ असाच व्हायचा. संस्थान विलीन होऊन चाळीस वर्षं झाली तरी.

१९८७ सालच्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि त्या घरात आणखी एक दैवत आलं. टीव्हीवरचं क्रोशाचं आवरण मावशी शनिवारीच धुऊन ठेवायची. रविवारी आंघोळ केल्याशिवाय कुणी समोर बसायचं नाही. सीतेला रावण उचलून नेतो त्या भागाच्या दिवशी जेवणं दुपारी दोनला झाली, आणि आमटीत मीठ नव्हतं.

मग १९९१ची लोकसभा आली. बडोद्यातून काँग्रेसतर्फे उभे राहिले खुद्द रणजितसिंह गायकवाड आणि त्यांच्यासमोर भाजपनं दिली टीव्हीवरची सीता, दीपिका चिखलिया. म्हणजे सरकार की सीतामाई! मी सुट्टीत तिकडेच होतो. ‘तिचा पक्ष काय म्हणतोय, ते तरी विचारलंस का?’ असं मी म्हटल्यावर मावशी म्हणाली, ‘अरे, दीड वर्ष दर रविवारी घरात आलीय ती. तिला दारातून परत कशी पाठवू?’

सीतामाई निवडून आल्या. त्याच वर्षी गुजरातेतल्याच साबरकांठ्यातून रावण, म्हणजे अरविंद त्रिवेदीही खासदार झाले. मी मावशीची यथेच्छ टिंगल केली. नटाच्या तोंडाकडे बघून मतं देणारे लोक, वगैरे.

आता वाटतं, मी घाईच केली. नुसत्या चेहऱ्यानं भागत असतं तर १९८८च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत साक्षात राम, अरुण गोविल, काँग्रेसच्या प्रचाराला गेले तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह पडायला हवे होते. ते आरामात निवडून आले. तेव्हा लोकांच्या मनात बोफोर्स तोफांच्या खरेदीतलं लाचेचं प्रकरण होतं. १९९१ला मात्र अडवाणींची राममंदिरासाठीची रथयात्रा होऊन गेली होती, हवा तापलेली होती. मावशीच्या मनात जे अर्धंमुर्धं शिजत होतं, त्याला ओळखीचा चेहरा मिळाला. नट मत बनवत नाही, बनत आलेल्या मताची भीड मोडतो. (हेच गोविल २०२४ला मेरठहून भाजपचे खासदार झाले, तेही जेमतेम साडेदहा हजार मतांनी.)

आणि मी तरी कुठला शहाणा? १९७७ साली आणीबाणीविरुद्ध पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले, तेव्हा आम्ही कॉलेजातली पोरं सभेला गेलो ती हसायला. परतलो ते राजकीय मत घेऊन. त्या सभेतला एक मुद्दा आज मला सांगता येणार नाही. पण ‘बटाट्याची चाळ’मधून ज्या माणसानं आम्हाला आमचीच माणसं दाखवली, तो चिडलाय म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, एवढं पुरलं. पुलंनी सत्ता आल्यावर पद घेतलं नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो मावशीला ऐकवलाही. ‘ते नंतरचं,’ ती म्हणाली. ‘तू हात वर केलास तेव्हा तुला कुठे ठाऊक होतं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही मोबाइलवर एखादा आवडता नट देशाबद्दल बोलायला लागला की माझा अंगठा थांबतो, आणि मला मावशीचं क्रोशाचं आवरण आठवतं.

दीपिकाबाई त्या एका मुदतीनंतर पुन्हा खासदार झाल्या नाहीत. १९९६ला बडोद्याची जागा काँग्रेसच्या सत्यजितसिंह गायकवाडांनी जिंकली, अवघ्या १७ मतांनी. त्या सतरातलं एक आपलं, असं मावशी शेवटपर्यंत सांगायची.