पांढरी पाच

दिवाळी महिन्याभरावर आली की माणसाच्या अंगात एक प्रकारचा उदारपणा संचारतो आणि त्या भरात तो वाटेल ते कबूल करून बसतो. मीही बसलो. आत्या सहज म्हणाली, "ह्यांच्या त्या तबकड्या पुन्हा कधी ऐकायला मिळतील का रे?" आणि मीही तितक्याच सहज म्हणालो, "नरकचतुर्दशीला सकाळी ऐकवतो."

'त्या तबकड्या' म्हणजे आतोबांची काळी ट्रंक. आतोबा गेल्यापासून ती माळ्यावर आहे. आत चाळीस-एक लाँगप्ले रेकॉर्डी, प्रत्येकीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात खरेदीची तारीख. त्यांतली भीमसेन जोशींची मियाँ की तोडी आमच्या घरात विशेष प्रसिद्ध. प्रसिद्ध दोन कारणांनी. एक म्हणजे ती तोडीच तशी आहे. आणि दुसरे, तिच्यावर एक ओरखडा आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत आत्याच्या हातून सुई निसटली, तो हा ओरखडा. आतोबा जन्मभर त्याला 'तुझी सही' म्हणत. आत्या जन्मभर म्हणत राहिली की सुईच सैल होती.

आत्याला आता त्र्याऐंशीवे चालू आहे. श्रावणात कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासले आणि एक आलेख हातात दिला. डावीकडे रेघ सपाट. उजवीकडे घाटातल्या रस्त्यासारखी एकदम खाली. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात, खालचे मागे राहतात. आत्याने आलेखाची घडी घालून पोथीत ठेवली आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही. तबकड्यांची आठवण तिला त्यानंतर झाली, हे माझ्या ध्यानात आले ते शब्द देऊन झाल्यावर.

आतोबांचा फिएस्टा रेकॉर्डप्लेअर केव्हाच मुका झाला होता. त्याच्या सुईमागे स्फटिकाचा तुकडा असे. सुई हलली की तो दाबला जाई आणि त्यातून वीज निघे. ही वीज चांगली घसघशीत असल्यामुळे तिला मदतनीस लागत नसे. पण हे स्फटिक दमट हवेला कंटाळतात, आणि माळ्यावर त्याने पुण्याचे किती पावसाळे काढले असतील कोण जाणे. माझ्यापाशी जुन्या बाजारातून पूर्वी हौसेने आणलेली दुसरी तबकडीफिरकी होती, ती चुंबकाची. चुंबकाची सुई नाजूक, रेकॉर्डीला जपणारी, पण कमाई अगदी बेताची: एका व्होल्टचे हजार भाग करावेत आणि त्यातले पाच घ्यावेत, एवढीच. त्या पाचाचे पाचशे करणारा कोणीतरी मध्ये बसवावा लागतो. त्यालाच प्रीअँप म्हणतात. तो बाजारात तयार मिळतो, हे माझ्या मुलाने मला तीनदा सांगितले. पण ज्याने लहानपणी एकदा खाकी चड्डीत बसून रेडिओ जुळवला आहे, त्याला तयार वस्तू आणायला सांगणे म्हणजे सुगरणीला चकलीचे पाकीट आणायला सांगणे होय.

तेव्हा मी यादी घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. ही गल्ली ज्याने पाहिली नाही त्याने पुण्यातली खरी दिवाळी पाहिली नाही. दिव्यांच्या माळा दुकानातून ओसंडून रस्त्यावर आलेल्या असतात, आणि त्या झगमगाटामागे, काउंटरच्या पोटात, शेकडो चिमुकल्या खणांतून आमच्यासारख्यांचा संसार मांडलेला असतो. दुकानदाराने माझी यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि "रेकॉर्डसाठी का?" एवढेच विचारले. डॉक्टरने नुसते चेहऱ्याकडे पाहून दुखणे ओळखावे तसे वाटले.

नुसते पाचाचे पाचशे करून भागत नाही, ही यातली खरी गोम. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबून टाकतात. खर्जाने रेषा रुंद डोलते. तिला मोकळे सोडले तर ती शेजारच्या रेषेत घुसेल, आणि एका बाजूवर वीस मिनिटांचे गाणे मावायचे नाही. उलट वरचे सूर मुद्दाम चढवतात, म्हणजे तबकडीची सळसळ त्यांच्याखाली झाकते. किती दाबायचे आणि किती चढवायचे याचा नियम अमेरिकेतल्या रेकॉर्ड-उत्पादकांच्या संघटनेने १९५४ साली ठरवला आणि पुढे तो जगाने मानला. त्याआधी ज्याची त्याची रीत. म्हणजे तबकडीवर असते ते गवयाचे गाणे नव्हेच. गाण्याची ती एक कबूल केलेली मोडतोड असते. प्रीअँपने दाबलेले तेवढेच उचलायचे, चढवलेले तेवढेच उतरवायचे. हे काम दोन रोध आणि तीन कपॅसिटर करतात. उजव्या बाजूला तेवढे, डाव्या बाजूला तेवढे.

आठ रात्री खपून यंत्र जुळवले आणि धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी बटण दाबले. त्याने गायला सुरुवात केली, पण तबकडी लावण्यापूर्वीच. घुंऽऽ असा अखंड स्वर. आत्या आतल्या खोलीत वाती वळत होती. ती बाहेर आली, क्षणभर उभी राहिली, आणि म्हणाली, "पांढरी पाच आहे. जरा चढी."

मला हसू आले. पण तिने पेटी काढली. तिच्या पेटीला खर्जाचे सूर आहेत. तिने खालची पांढरी पाच दाबली, आणि पेटीचा सूर व यंत्राचा सूर एकमेकांवर हेलकावू लागले, सेकंदाला साधारण दोन हेलकावे. मी कागद ओढला. पेटीचा तो सूर ९८ आंदोलनांचा. त्यात दोन मिळवले की १००. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि एकदिशा करताना त्यांचे १०० होतात. तेव्हा दोष विजेच्या पुरवठ्यात, एकदिशा झालेल्या विजेची खळबळ शमवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरपाशी. उलटा करून पाहिला तर त्याच्या एका पायाचा डाख कच्चा. मीटर घेऊन मी हे तासाभरात शोधले असते. नाही असे नाही.

डाख पक्का केला. स्वर थांबला, पण त्याच्यामागे दुसरा होताच, फार मऊ. मला तो कर्ण्याला कान लावल्यावर ऐकू आला. आत्याने पलंगावरूनच सांगितला. "तोच आहे, पण खालच्या सप्तकातला." खालच्या सप्तकातला म्हणजे ५०. हे दुखणे पुरवठ्याचे नव्हे, थेट ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकाचे. त्याची हवा त्या नाजूक सुईच्या तारांना लागत होती. ट्रान्सफॉर्मर उचलून लाडवांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातला आणि हातभर लांब ठेवला. फिरकीची हिरवी तार पेटीच्या पत्र्याला घट्ट आवळली. शांत. नुसती बारीक सळसळ उरली. ती मला फार खुपत होती. मी आत्याकडे पाहिले.

"आता काहीच नाही," ती समाधानाने म्हणाली.

सळसळ वरच्या सुरांची असते, हे मला उशिरा आठवले.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नाने उरकली, फराळाची ताटे झाली, मुले फटाक्यांना पांगली, आणि तोडीची वेळ झाली तेव्हा मी मोठ्या ऐटीत तबकडी लावली. आदल्या रात्री सिनेमाची एक रेकॉर्ड लावून पाहिली होती. आवाज दणदणीत आला होता. आताही आला. आत्या डोळे मिटून बसली. दोन मिनिटे. मग डोळे उघडून म्हणाली, "हे भीमसेन नव्हेत."

रेकॉर्डीच्या वेष्टनावर नाव होते, फोटो होता. पण आत्या काही वेष्टन वाचत नव्हती. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. रात्रभर बैठका चालत त्या काळात आतोबा आणि ती शाल पांघरून पहाटेपर्यंत बसलेली. शेवटी भीमसेन गायला बसत. माझे भीमसेन बहुतेक कॅसेटमधले. "आवाज त्यांचाच आहे," ती जरा वेळाने म्हणाली, "पण टेलिफोनवरून बोलल्यासारखा. ते खाली उतरले की जमीन हलायची. इथे जमीनच नाही."

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. सणाच्या दिवशी, आठ रात्रींच्या जागरणानंतर! पण टेलिफोन हा शब्द डोक्यात राहिला. खर्ज नाही, मधले सूर पुढे आलेले, वरचे बोथट. नव्या कोऱ्या सदऱ्यात, उटण्याचा वास अंगाला असताना, मी यंत्र पालथे घातले आणि भिंग घेऊन बसलो. कपॅसिटरवर किंमत तीन आकड्यांत छापतात. शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्ये. जिथे १०३ हवा, तिथे १०२ बसला होता. आणि १०२ च्या जागी १०३. एका शून्याचा फरक, म्हणजे दहापट. दोन्ही बाजूंना तेच, म्हणून डावे-उजवे ताडून पाहूनही चूक कळली नसती. चष्म्याचा नंबर वाढला आहे, हे मुलाने मला चारदा सांगितले होते.

अदलाबदल करायला तास गेला. आत्या जागची हलली नाही. या खेपेला आवाज पहिल्यापेक्षा लहान आला, आणि मला वाटले, पुन्हा काहीतरी बिघडले. मग तबल्याच्या डग्ग्याने घुमारा धरला, गवई खाली उतरले, आणि आत्याचा हात पलंगाच्या कडेवर टेकला. ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

बरीच मिनिटे गेली. एकाएकी आत्याने तर्जनी वर केली आणि तशीच धरली. मला कळेना. तोच 'टक्' झाले, तबकडीचा एक फेरा झाला, पुन्हा 'टक्', मग पुन्हा. पाच-सहा फेऱ्यांनी ते थांबले. गाणे पुढे चालले होते. आत्याचे बोट अजून वरच होते.

"आली का रे?" तिने विचारले.

"आली," मी म्हणालो.

तिने बोट खाली घेतले.