कितवा ओनर?

सेकंडहँड कार घेताना आपला पहिला प्रश्न हाच असतो ना? 'फर्स्ट ओनर' म्हटलं की किंमत लगेच वर! मग १९३६ पासून एकाच घराण्यात असलेल्या गाडीला काय म्हणाल?

ती बघायची तर दसऱ्याला कोल्हापूर गाठायचं. संध्याकाळी दसरा चौकात मुंगी शिरायला जागा नसते. अंबाबाई, तुळजाभवानीच्या पालख्या येतात आणि छत्रपती घराणं येतं ते मेबॅकमधून. नंबर बीएमके १. राजाराम महाराजांच्या काळात आलेली ही जर्मन सुंदरी. मेबॅक कंपनी मुळात झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणारी. इंजिन-चॅसी तिची, बॉडी दुसऱ्या कारागिरांकडून. महायुद्धापूर्वीच्या सगळ्या मेबॅक मिळून साधारण १८००. राजाराम महाराज १९४० मध्ये गेले, १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. गाडी मात्र घरातच राहिली.

मी मूळची बीड जिल्ह्यातली, केजकडची. आमच्याकडे दसऱ्याला सोनं वाटून झालं की गावात एकच विषय, 'टोळी कधी हलणार?' मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात 'एक कोयता'. मग दसरा-दिवाळीच्या मागेपुढे भांडीकुंडी, शेरडं, लेकरं असं सगळं ट्रकमध्ये चढतं आणि निघतं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे. सीमोल्लंघन आमचंही, पण पोटासाठी!

माझे चुलते, नाना, कितीतरी हंगाम कोल्हापूरच्या पट्ट्यात ऊस तोडत होते. पण शहर? "फडातून कारखाना, कारखान्यातून फड. शहर कवा बघावं?" आता गुडघे गेले, कोयता सुटला. म्हणून यंदा दसऱ्याला त्यांना घेऊन गेले.

मेबॅक आली तसे सगळ्यांचे मोबाइल वर! नानांनी मात्र मान खाली घालून चाकं न्याहाळली, इंजिनाचा आवाज ऐकला.

"मालक कोण ते समद्यांला ठावं हाय," ते म्हणाले. "पर पोरी, हिला इतकी वर्सं चालती ठेवणारा मिस्त्री कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरसी बुकात मालकाचं नाव असतं, मिस्त्रीचं नाही. साखरेच्या पोत्यावर तरी कारखान्याचंच असतं की!

परतताना कोल्हापूरबाहेर एमएच २३ चा एक ट्रॅक्टर समोरून आला. ट्रॉलीत बायका, पोरं, वर बांधलेली बाज. नानांनी काच खाली करायला लावली आणि ओरडून विचारलं, "कोन्या गावचे रं?" उत्तर आलं, "धारूरचे!"

पुढचे दहा किलोमीटर नाना गप्प होते. मग म्हणाले, "ह्यांलाबी कुणीतरी ती गाडी दावाय पायजे."

तुम्ही पुढच्या दसऱ्याला जाच. मेबॅकचे फोटो जरूर काढा. आणि येता-जाता एमएच २३ दिसलं, तर हॉर्न न मारता थोडी वाट द्या.