पंगत

आमचं गाव देवळी तालुक्यातलं. सप्ताहाच्या काल्याला मारुतीच्या पारासमोर पळसाच्या पत्रावळी मांडल्या जायच्या. पोळी, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, वर बुंदी. त्याला गावजेवण म्हणत. आजी नवी सून होती तेव्हा गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं घरून भांडी घेऊन येत, सगळ्या पंगती उठेपर्यंत कडुलिंबाखाली थांबत आणि वरून घातलेलं अन्न घरी नेऊन खात. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. आमच्याकडचीही माणसं गेली. त्यानंतरच्या काल्याला लिंबाखाली कुणी आलं नाही. गाव म्हणालं, रुसले. आजी म्हणायची, "रुसलेला माणूस बोलावणं येईल म्हणून वाट पाहतो. ते तर उठून गेले, माय."

मी लहान असताना विहारातलं जेवण विहारात, पारावरचं पारावर. भांडं घेऊन ताटकळणारं कुणी नव्हतं, म्हणून आता भेद उरला नाही, असं सगळे समाधानाने सांगत. मला वाटतं, भेद तेव्हा जास्त सोयीचा झाला होता. कुणाला काही वाटून घ्यावं लागत नव्हतं.

कॉलेजसाठी वर्ध्याला आले आणि लक्ष्मीनारायण मंदिरापाशी खोली मिळाली. बजाज घराण्याचं हे मंदिर जमनालालजींनी जुलै १९२८ मध्ये दलितांसाठी खुलं केलं. स्वतःच्या विहिरीही खुल्या केल्या. सनातनी मंडळींचा राग ओढवून घेतला, तो घरच्या देवळापायी. दुसऱ्याच्या देवळाबद्दल ठराव करणं त्या मानाने सोपं असतं.

तरी माझं मन जास्त गुंततं ते सेवाग्रामात. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा ते शेगाव होतं, आणि वस्ती बहुतांश दलितांची. आश्रमात जेवायला सगळे एका ओळीत बसत. पुष्कळदा गांधीजी स्वतः वाढत. ताट ज्याचं त्याने घासायचं, संडाससफाईही सगळ्यांनी करायची. मग १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले सोबती, आणि अंगावर महारोग. ज्या काळात रोग्याची सावलीही लोक टाळत, त्या काळात गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी बांधून दिली आणि आपल्या हाताने ते त्यांच्या अंगाला मालिश करत. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलेलं होतं. शास्त्रीजींना तिकडे धाडणं सहज शक्य होतं, आणि पुढे ते तिथे गेलेही. पण आधी त्यांना अंगणात जागा मिळाली. ती झोपडी अजून आहे. मी पाहुण्यांना बापूकुटीआधी तिथे नेते.

मालिश एकदा करून भागत नाही, रोज करावी लागते. पंगतीचंही तसंच. ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ पाठवणारी घरं वर्ध्यात भरपूर आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण मंगळवारी दुपारी ओट्याशी कोण उभं असतं? आमच्या वास्तुपूजनाला लोक बुफे म्हणत होते. मी पंगतच धरली. वाढायला कोण, हे मी आधी ठरवलं. शेजारच्या बौद्ध काकूंना भाताचं पातेलं दिलं, वरच्या खोलीतल्या मुलीला पोळ्यांची टोपली. ती मुलगी बिहारची, मुसलमान, हिंदी विद्यापीठात शिकायला आलेली. एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. काकू पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या, बाजूला झाल्या नाहीत. मीही मध्ये पडले नाही, दुसरा वाढपी बोलावला नाही. पुढच्या माणसाने मुकाट्याने भात मागितला, त्याच्या पुढच्यानेही. शेवटी त्या आजोबांनी हात काढला. घोटभर ताकासोबत थोडा भात खाल्ला. मनातून काय वाटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

ती मुलगी खोली शोधत होती तेव्हा नाव सांगताच दारं बंद व्हायची. आम्ही हो म्हटल्यावर गल्लीतून विचारणा झाली, "काहून बाप्पा, आपल्यातलं कोणी भेटलं नाही का?" आता तिचं शिक्षण संपतंय, जूनमध्ये खोली रिकामी होईल. दलालाला सांगून ठेवलंय: येणाऱ्याला भाडं सांग, नळाची वेळ सांग, समाज विचारू नको.