जपून टाकलेलं पाऊल

मैत्रिणींनो, लेकीकडे मँचेस्टरला गेले होते, तेव्हा एका रविवारी जावईबापूंनी आम्हाला एडेलला नेलं. आगगाडीने पाऊण तास. दगडी घरं, चर्च, मेंढ्यांची कुरणं, एवढंसं गाव. पण स्टेशनवर उतरणाऱ्या बहुतेकांच्या पायात जाड बूट आणि पाठीवर पिशवी! इथूनच 'पेनाइन वे' ही पायवाट निघते आणि डोंगरांवरून सुमारे ४३० किलोमीटर जात स्कॉटलंडला पोचते. ती १९६५ साली खुली झाली.

गावामागे किंडर स्काउटचं पठार आहे, ६३६ मीटर उंच. एके काळी तिथे सामान्य माणसाला पाय ठेवायची बंदी होती. जमीनदार शिकारीसाठी ते राखून ठेवत. २४ एप्रिल १९३२ला शेकडो कामकरी तरुण मुद्दाम त्यावर चढले. बरेचसे हेफील्डकडून आले, एक तुकडी एडेलकडून. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढारी बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली.

डोंगर पुढे सगळ्यांना मोकळा झाला, पण त्याचं दुखणं संपलं नाही. गिरण्यांच्या धुराने वरचं शेवाळ कधीच मरत आलं होतं. त्यात मेंढ्यांचं चरणं, वणवे आणि हजारो पावलं. काळी भुसभुशीत माती उघडी पडून पावसात वाहू लागली. शेवटी पठारावरून सरळ जाणारी वाट बाजूला वळवली. पुढे दलदलीच्या भागात जुन्या पाडलेल्या गिरण्यांतल्या दगडी फरश्या आणून अंथरल्या. पठारावर शेवाळाची रोपं हाताने लावली. हे शेवाळ स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं.

मला हे फार भिडलं. ईर्यासमिती आपण साधू-साध्वींच्या चालण्यात पाहतो. इथे चालणारा फरशीवरूनच जातो, कारण बाजूला पाय पडला तर नुकतं रुजलेलं शेवाळ चिरडेल. त्याच्या मनात धर्माचा विचार नसेलही, पण काळजी तीच.

ज्या वाटेसाठी पोरं तुरुंगात गेली, तिच्यावर चालायचा हक्क आज सगळ्यांना आहे. तो टिकेल तो मात्र जपून टाकलेल्या पावलांमुळेच. तुमची मुलं तिकडे असतील, तर एकदा एडेलला जरूर जा. डबा घरचा न्या, कचरा परत आणा आणि वाट सोडू नका.